काळ्या स्क्रीनवरचा दादाचा प्रश्न

शेलूबाजार, गुरुवार संध्याकाळ

दादा गेल्यापासून दोन महिने दुकानातला कॉम्प्युटर मी बंदच केला नव्हता. आज करा लागला.

फॉर्म भरायचं दुकान माझं, पण कॉम्प्युटर दादाच सांभाळे, पुण्यातून, रिमोटवर. काळ्या स्क्रीनवर कमांड टाकून सॉफ्टवेअर अपडेट करे अन् जाताना तिथंच टाइप करे, ‘जेवली का?’ खाली इंग्रजीत येई, ही कमांड ओळखता येत नाही. मले हसू येई, मग मी फोन करून सांगो. शेवटच्या दिवशीही त्यानं तेच टाइप केलं, पण दुकानात गर्दी होती, फोन राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ॲक्सिडेंटचीच खबर आली.

ती ओळ तशीच उघडी होती.

आज वहिनीचा फोन. “त्यायचा लॅपटॉप विकून राह्यली मी. तुह्या कॉम्प्युटरवरून त्यायचा रिमोट काढून टाक.” बरोबरच आहे तिचं. तरी मले राग आला. काहून?

रिमोट काढला. आता रिस्टार्ट मागते, अन् रिस्टार्ट केलं की ती ओळ जाते. वहिनीले सांगितलं तर म्हणे, फोटो काढून ठेव. फोटोले उत्तर देता येते का?

दादाच्या ओळीखाली मी टाइप केलं, ‘नाही जेवली.’

ही कमांड ओळखता येत नाही.

मग रिस्टार्ट दाबलं.