चौथ्या चरणातलं नाव

१४ डिसेंबर
आले एकदाची रहिमतपुरात! कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी आणि राहायला रेश्माचं घर. सांगलीत आम्ही एकत्र शिकलो. मध्ये कित्येक वर्षं गाठ नव्हती. तिनंच मला शोधून काढलं, जागा रिकामी असल्याचंही तिनंच कळवलं. नवरा लष्करात. घरात ती, लेक शिवांजली आणि नवऱ्याची आत्या. मागं ऊस, जुनी विहीर. रात्री भाकरी आणि वांग्याचं भरीत. माहेरी आल्यासारखं वाटलं.

१५ डिसेंबर
आत्या शेंगा फोडताना ओव्या म्हणतात. तू छंदावर पीएचडी केलीस, जरा बघ, असा रेश्माचा आग्रह.

विहिरीच्या काठी
कोण गं वाकली
पदर झाकली
मनुबाई

सहा, सहा, सहा, चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. पहिला चरण प्रत्येक ओवीत तोच. चौथ्यात बाईचं नाव, कायम चार अक्षरी: बनुबाई, बनाबाई. शेवटच्या ओवीत मात्र चौथा चरणच नाही. आत्या तिथं गप्प होतात. तिथं काय बसेल, रेश्मानं विचारलं. मी हसून म्हटलं, माझंच नाव, संयोगिता, चपखल बसतं. तिनं विहिरीच्या पायरीवर बसवून ती ओवी त्या नावासकट माझ्याकडून गाऊन घेतली.

१७ डिसेंबर
या बायका कोण, आत्यांना विचारलं. म्हणाल्या, ह्याच घरातल्या. समद्या विहिरीत गेल्या. पाणी आटलं की विहीर नवं नाव मागती.
कालपासून पाणी चढतंय.

१८ डिसेंबर
भर दुपारी विहिरीतून ओवी. आत्या तर घरात झोपलेल्या. शेवटी माझं नाव. मग नुसतंच नाव, पुन्हा पुन्हा — माझ्याच आवाजात.

१९ डिसेंबर
रेश्माला सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "आत्याच्या तोंडात तिथं शिवांजलीचं नाव यायला लागलं हुतं, म्हणून त्या थांबत्यात. आधी माजं घालून बघितलं गं. दोनच अक्षरं, बसंना."
म्हणजे मला शोधलं ते — अक्षरं मोजून. नोकरी, खोली, ते भरीत —
बॅग भरली. दाराला बाहेरून कडी.

२० डिसेंबर
आईला फोन लागत नाही. रेश्मा दारापलीकडं रडतेय, पण कडी काढत नाही. लेकीला सांगतेय, मावशी झोपलीय —
दाराखालून पाणी. बाहेर लख्ख ऊन —
कडी निघाली. रेश्मा नव्हे. तिच्या बांगड्या वाजतात. हा हात नुसता ओला, आणि