पाणी प्यायलेले उंदीर

नरोली, सिल्वासा

माय,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी इथं बरा आहे. खोलीत पंखा बसवला. शेळी व्याली का?

आमच्या लॅबमध्ये जटामांसीचा अर्क उंदरांना पाजून झोप लागते का ते बघतात. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांची मला दया यायची. पिंजरे साफ करताना मी रोज त्यांना तळहातावर घेऊन पाठीवरून बोट फिरवायचो. परवा बघतो तर तेही अर्कवाल्यांइतकेच गाढ झोपलेले. मी त्यांना रोज कुरवाळतो, हे खरं ते सांगितलं. सुधाकर सर फार चिडले, आता सगळी चाचणी पुन्हा करायची आहे. नोकरी शाबूत आहे, काळजी करू नको.

आपली कावेरी फोनवर म्हणाली, आबा गेल्यापासून तुझा डोळ्याला डोळा लागत नाही. मला मात्र तू "झोपते रे" म्हणतेस.

सरांकडे तुझ्यासाठी अर्काची एक बाटली मागितली. ते म्हणाले, माणसांना द्यायला अजून कैक वर्षं लागतील.

म्हणून शनिवारी रिकाम्या हातानंच येतोय. तू नुसती माझ्याकडे पाठ करून पड. हात आता सरावलाय.

तुझाच,
गोकुळ