तेवीस आला कुठून?

४ मार्च, सोमवार

४,०५,४२१ – तेवीसनं भाग जातो! चहा संपायच्या आत सांगितलं. ही हसली नाही. "अहो, तेवीस आला कुठून? मी पाचशे सत्तेचाळीस गुणिले सातशे त्रेचाळीस केलंय. दोन्ही मूळ संख्या."

निवृत्तीनंतरचा आमचा खेळ. हिनं दोन मूळ संख्या गुपचूप गुणायच्या, उत्तर स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहायचं, मी ते फोडायचं. गणकयंत्राला हात लावायचा नाही. आजवर कधी तंटा नाही. कुठलीही संख्या मूळ संख्यांत एकाच तऱ्हेनं फुटते – हे मी वर्गात घसा फोडून सांगितलंय. तेवीस असेल तर हिचे दोन नाहीत, हिचे दोन असतील तर तेवीस नाही. म्हणजे दोघांतलं एक चुकलं.

ही चुकत नाही. शाळेत आम्ही सगळे मास्तर पेपर तपासून झाले की बेरजा हिच्याकडे द्यायचो.

५ मार्च

पुन्हा भाग दिला. बाकी शून्य. मग हिचे दोन आकडे गुणले – ४,०६,४२१. हजारानं जास्त! पुन्हा केलं, तेच. पण डोकंच बिघडलं असेल तर दर वेळी तसंच चुकणार की!

परवा नळ रात्रभर वाहिला. "तुम्हीच उघडा ठेवलात," ही म्हणाली. मला काही म्हणजे काही आठवत नाही.

६ मार्च

दादाचंही हिशेबापासूनच सुरू झालं होतं. मग किल्ल्या. शेवटी मलाच विचारायचा, "आपण कोण?" मला, अहो-जाहो!

७ मार्च

भीती वाटते. दुसरं काही सुचत नाही.

८ मार्च

जेवताना हिनंच विषय काढला. "डॉक्टरांना दाखवू या. त्यात लाजायचं काय? मी आहे ना!" माझा हात घट्ट धरला. मी लहान पोरासारखी मान डोलावली. हिनं लगेच माझ्यासमोर दवाखान्यात फोन केला. सोमवार, चार वाजता.

९ मार्च, शनिवार

ही आंघोळीला गेली आणि मी नियम मोडला. लेकीला फोन लावला, कोडं आहे म्हणून सांगितलं. "थांबा बाबा, मोबाईलवर करते." चार लाख सहा हजार चारशे एकवीस! दोनदा वाचायला लावलं. "बाबा, रडताय की काय?"

माझंच बरोबर! सुटलो! हिचा एक हातचा राहिला, एवढंच. होतं कधीतरी. आता महिनाभर चिडवणार हिला.

संध्याकाळी

चिडवायला गेलो तर ही फोनवर. माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ मागत होती. पलीकडून काहीतरी म्हणाले. ही तडकली – "काल? मी तर आज पहिल्यांदाच फोन करतेय!"