हात न लावण्याची फ्लॉपी

चि. सम्राट,

आत्याचा सप्रेम जय भीम. तुझ्या फ्लॉपीने हे पत्र लिहायला भाग पाडलं. एरवी खोकल्याची चौकशी आधी केली असती. ती आता करते. काढा घेतोस ना?

फ्लॉपी एकेका कॉम्प्युटरमध्ये घालून चालू करायची, पुढचं सगळं सर्व्हरवरून आपोआप उतरेल, कुणी हात लावायचा नाही, असं तू बजावलंस. (मुख्याध्यापिका सूचना मोडत नाही, हे तुला ठाऊक असायला हवं होतं.) शाळेच्या संगणक कक्षाच्या उद्घाटनाला दहाही यंत्रं चालू दिसली नाहीत तर ती राहुरीतून उचलून पारनेरच्या शाखेला देऊ, असं संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब सांगून गेले होते. म्हणून कक्षाच्या दाराशी आमच्या शिपाई चांगुणाबाईंना बसवलं. (त्यांचं माहेर शनिशिंगणापूर. बिनदाराच्या घरात वाढलेल्या बाईच्या ताब्यात दार दिलं की काय होतं, ते पाहिलं.) फडकंसुद्धा आत गेलं नाही. पडद्यावर काही विचारणा आली आहे, असं कल्याण सर खिडकीतून पाहून सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, “इचारू द्या. उत्तर द्यायचा हुकूम न्हाई.” मीही सरांना वर्गावर पाठवलं.

उद्घाटनाच्या सकाळी आत गेले, तर दहाही पडद्यांवर इंग्रजीत लांबलचक करार, आणि मान्य असल्यास अमुक बटण दाबा. न वाचता मी कशालाच मान्यता देत नाही. चष्मा लावून दुसऱ्या पानावर पोचते तोवर आप्पासाहेब सभासदांसह हजर.

“बाई, अडलंय कशावर?”

“मंजुरीवर,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. मंजुरी हा त्यांचा हातखंडा. वाचण्याची अडचण त्यांना कधी आलेली नाही. मात्र सूचक-अनुमोदकाशिवाय ते काही मंजूर करत नाहीत. प्रत्येक यंत्रापुढे एक सूचक, एक अनुमोदक, मग “मंजूर” म्हणून बटण. शेवटच्या यंत्राला सभासद पुरले नाहीत, तेव्हा चांगुणाबाईंनी अनुमोदन दिलं. भाषणं संपेपर्यंत दहाही यंत्रं तयार. (लांब भाषणांचा संस्थेला झालेला हा पहिला उपयोग.) यंत्रं राहुरीतच राहिली. आपोआप म्हणजे अख्खं कार्यकारी मंडळ लागतं, हे आधी कळवायचं.

तुझी,
सत्यशीला आत्या

ता. क. करार आधीच मान्य करून ठेवणारी फ्लॉपी करता येते, असं कल्याण सर म्हणतात. तशी करून पाठव.

पुन्हा ता. क. तशी करू नकोस. आप्पासाहेब इतके खूश आहेत की आणखी दहा यंत्रं देऊ म्हणतात. विचारणा असू दे.

सूर्यभानच्या टेम्पोतून तुझ्यासाठी दिलं: काढ्याची बाटली, रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी, यंत्रांच्या खोक्यातला छापील करार, माझ्या लाल शाईच्या हरकतींसह.