कव्हर लावतो तो मालक

६ नोव्हेंबर, गुरुवार
तुळशीचं लग्न लागलं. आता माझा नंबर. नंदुरबारचे रतिलालभाऊ बावीस तारखेला आमचं घर पाहायला कळसाडीला येणार. मुलगी रुपा, बी.कॉम. अट एकच: मुलगा नुसता शेतकरी नको, धंदा पाहिजे. माझ्याकडे पिकअप आहे. म्हणजे ट्रान्सपोर्ट बिझनेसच. फक्त लुक कमी पडतो. संकल्प: यापुढे हौद्यावर ताडपत्री बांधणार नाही. ताडपत्री बांधतो तो ड्रायव्हर. कव्हर लावतो तो मालक.

८ नोव्हेंबर
कव्हरचे सतरा व्हिडिओ पाहिले. परदेशातला एक माणूस सॉफ्ट कव्हर एका बोटाने गुंडाळतो. हौद्यावर कॅरमबोर्डासारखं सपाट बसतं. रोलवालं घ्यावं की घडीचं? रोल. घडी चादरीची घालतात.
माय विचारते, पुढची खोली कापसाने भरली, अठरा क्विंटल आहे, जिनिंगला कधी नेतोस. सांगितलं, कव्हर बसलं की. उघडा माल नेणं प्रोफेशनल नाही.

१० नोव्हेंबर
हौद्याचं माप घेतलं. टेपचं दुसरं टोक धरायला चुलतभाऊ भाग्येशला बोलावलं. म्हणतो, भाऊ, ताडपत्री शे ना घरमा? नही ते मन्ही ली जाय. स्वतःची देऊ करतो. या विषयात त्याला गती नाही. टोक सोडायला सांगून एकट्याने मापलं. दोनदा. दोन वेगळी मापं आली. मधलं धरलं.

१३ नोव्हेंबर
ऑर्डर केली. काळा रंग. दोन दिवस काळा की ग्रे यातच गेले, पण घाईत निर्णय घेणारा मी नव्हे. बावीसला अवकाळी पावसाचा अंदाज आहे. बरंच झालं. कव्हर वॉटरप्रूफ आहे.

१७ नोव्हेंबर
पार्सल सुरतेत अडकलंय. कापूस ओसरीवर आला. अंगाला खाज. माय चुलीपाशी झोपते. म्हणाली, पाहुणास्ले कोठे बसाडशी? कापूसवर? हिला टायमिंग कळत नाही.

२० नोव्हेंबर
आलं!! व्हिडिओत चार मिनिटं लागतात, मला तीन तास लागले. मध्ये जरा झोळ पडतो. पण लांबून पाहिलं तर गाडी ओळखूच येत नाही. दोनदा लांबून पाहिलं.

२१ नोव्हेंबर, सकाळी ७
कापूस भरताना छोटी टेक्निकल अडचण. कापूस फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या कडेच्या पत्र्याच्या, वर जातो. कव्हर फाळक्याच्या वर जात नाही. व्हिडिओत तो माणूस एक सायकल ठेवायचा. आपल्याकडे गाडी फाळक्यापर्यंतच भरतो कोण? हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. असो. कव्हरखाली दोन क्विंटल मावतो. म्हणजे नऊ फेऱ्या. आज पाच, उद्या पहाटे चार. सोपं आहे.

संध्याकाळी ६
एक झाली. जिनिंगवर रांग होती. काट्यावरच्या माणसाने विचारलं, बाकीचा माल मागून येतोय का? हो म्हणालो.

२२ नोव्हेंबर, सकाळी ८
मायने परस्पर भाग्येशला बोलावलं. मी निषेध नोंदवला. त्याने माझं कव्हर काढून गोठ्यात टाकलं, हौद्याला उभ्या फळ्या लावल्या आणि मला न विचारता दुसरी पिकअपही सांगून ठेवली होती. मला वर चढवून कापूस तुडवायला लावलं. तसंही सुपरव्हिजन वरूनच बरं होतं.

दुपारी ४
पाहुणे अकराला आले. थेंबही अकरालाच आले. भाग्येशने ताडपत्री भिरकावली. मी अजून खाली कापसात होतो. रतिलालभाऊंनी स्वतः दोरीचं दुसरं टोक ओढलं. रुपाही सोबत आली होती, तिने म्हणे गाठ मारेपर्यंत दोरी दाबून धरली. मला काही दिसलं नाही. ऐकू मात्र सगळं आलं. रतिलालभाऊंनी विचारलं, मुलगा कोठे शे? माय म्हणाली, तठेच शे, कापूसमा.
मला बाहेर काढलं तेव्हा मिशीत सरकी होती. कापूस कोरडा पोचला. खोली रिकामी झाली, पाहुणे गाद्यांवर बसले. एकूण इम्प्रेशन उत्तम. कामात बुडालेला मुलगा त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

२३ नोव्हेंबर
निरोप नाही. चांगली घरं घाई करत नाहीत. डिसेंबरच्या तारखा पाहून ठेवल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
निरोप आला. होकार आहे. रुपाचाही. मुलगा कामाचा आहे, हात चालतो, बोलतो कमी, असं म्हणाले.
मुलगा म्हणजे भाग्येश.
वाईट वाटलं. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. मायने न विचारता शिरा केला.
मग काका आले, भाग्येशचे वडील. लाजत होते बिचारे. म्हणाले, साखरपुड्याला नंदुरबारला जायला तुझी पिकअप लागेल. बाया मागे उभ्या राहतील, तेवढं ते कव्हर पुन्हा लावू नको. मी म्हणालो, नाही लावत.