जावईबापूंच्या टर्बो गाडीची हकीगत

सातारा,
ता. ५ जुलै १९९९

चि. कुणालराव यांस,

सासरे धोंडिराम बनसोडे यांचा सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत आणि तिकडे गुवाहाटीत तुम्ही व चि. माया बरे असाल असं धरून चालतो. तुमच्या बँकेने तुम्हाला इतक्या लांब का टाकलं हे मला अजून उमगलेलं नाही, पण साहेब लोकांच्या बदल्यांत आपण बोलू नये. मायाचं नुसत्या भातावर भागतं का? ज्वारीचं पीठ पार्सलने पाठवणार होतो, पण पोस्टमास्तर म्हणाले, पोचेपर्यंत त्यात किडे होतील, म्हणून राहिलं. तुमच्या सासूबाईंचा, म्हणजे सौ. आक्काताईचा, गुडघा पूर्वीसारखाच आहे, म्हणजे दुखतो. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त डोकं चालेनासं झालंय, आणि त्याला कारण तुमची गाडी. (गाडी सुरू आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.)

गाडीकडे वळण्याआधी दीक्षाचा विषय. तुमच्या धाकट्या मेहुणीची बारावी झाली आणि आता ती सांगलीच्या आयटीआयला मोटार मेकॅनिकचा फॉर्म भरायचा म्हणते. फॉर्मवर पालकाची सही लागते, शेवटची तारीख ३१ जुलै, आणि मी सही करणार नाही असं तिला साफ सांगितलंय. बत्तीस वर्षं दूध संघाचा टँकर चालवला तो पोरीच्या हाताला ग्रीस लागावं म्हणून नव्हे. तिने डी.एड. करावं, शाळेत शिकवावं, पंख्याखाली बसावं. आक्काताईचं मत आधी वेगळं होतं, पण महिनाभर खपून मी तिलाही माझ्या बाजूला आणलंय. तुम्ही थोरले जावई, दीक्षा तुमचा शब्द खाली पडू देत नाही. तेव्हा तिला दोन ओळी जरा कडक लिहाव्यात, ही विनंती. माझ्याशी ती सध्या फक्त "व्हय" आणि "न्हाई" एवढंच बोलते.

आता गाडी. एप्रिलात ती आमच्या दारात लावताना तुम्ही म्हणालात, "मामा, तुमच्या हातात गाडी म्हणजे मी निर्धास्त." आठवड्यातून एकदा पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारायची, एवढंच तुमचं सांगणं. सोबत ते जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलंत. ते दीक्षाने मला मराठी करून वाचून दाखवलं आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला. बघा, आमच्या टँकरचं इंजिन पावणेसहा हजार सीसीचं आणि त्याला एकशे दहा हॉर्सपॉवर. हे मला पटतं. जेवढं धूड तेवढी ताकद. तुमच्या गाडीचं इंजिन दोन हजार सीसीच्या आत, आणि त्याला नव्वद! मी म्हटलं छपाईची चूक आहे, कंपनीला कार्ड टाक. त्यावर दीक्षा म्हणाली, "आप्पा, टर्बो हाय नव्हं त्याला." मग तिने मला टर्बो समजावला. इंजिनातून बाहेर पडणारा धूर म्हणे एक छोटा पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणून जास्त डिझेल जळतं, म्हणून जास्त ताकद. आणि हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तोही नुसत्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत. मी तिला हे तीन वेळा सांगायला लावलं. धूर म्हणजे काम संपवून निघालेली गोष्ट, तिला परत कामाला कसं जुंपायचं? मी रिटायर झाल्यापासून दूध संघाने मला एकदा तरी बोलावलंय का? शिवाय या इंजिनाचे व्हॉल्व्ह ज्याच्या जोरावर हलतात तो टायमिंगचा पट्टा रबराचा आहे, आणि तुटला तर आतले व्हॉल्व्ह वाकतात, हेही त्या पुस्तकात उघड छापलंय. एवढं महागाचं इंजिन आणि मदार रबरावर!

तरी मी ती जिवापाड सांभाळली. मेमध्ये वडूजकडची धूळ आत जाऊ नये म्हणून हवेच्या पाइपाच्या तोंडावर आक्काताईच्या जुन्या लुगड्याची चौपदरी पट्टी बांधली होती. (गाडी गुदमरायला लागली म्हणून दीक्षाने ती सोडली. हवा आत घ्यायची तर धूळही आत येणार, न घ्यावी तर गाडी चालणार नाही, मग माणसाने करायचं काय?)

मे अखेरीस आक्काताईच्या चुलतभावाने शिरवळला नवं घर बांधलं, त्याच्या बुद्धवंदनेला जायचं होतं. एसटीने तिचा गुडघा वळत नाही, म्हणून तुमची गाडी काढली. परवानगी विचारायला हवी होती, पण गुवाहाटीला फोन लागेपर्यंत वंदना आटपली असती. मी चालवायला, शेजारी दीक्षा, मागे आक्काताई पाय लांब करून. आणि कुणालराव, खोटं कशाला बोलू, खंबाटकीच्या चढाला त्या टर्बोने जे दाखवलं ते मी बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ज्या चढाला मी आयुष्यभर दुसऱ्या गिअरात रांगत गेलो तिथे सहा ट्रक मागे टाकले. आक्काताई मागून ओरडत होती, "आवं, हळू जावा की, माझा भाऊ कुटं पळून चाललाय?" मला परत पंचविशीत गेल्यासारखं वाटत होतं. मग घाटमाथा आला, उतार लागला आणि गाडी आपोआप खाली आली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

शिरवळहून परत निघालो तर मागे निळा धूर, पुढून शिट्टी, आणि चढाला गाडी पार मेल्यासारखी. जाताना ज्यांना मागे टाकलं होतं त्यातलाच एक ट्रक माल उतरवून परतत होता, त्याने हॉर्न वाजवत मला मागे टाकलं. (ड्रायव्हर हसत होता. चेहरा लक्षात ठेवलाय.)

साताऱ्याच्या मेकॅनिकने सांगितलं, इंजेक्टर खराब. साफ केले, धूर तसाच. कराडचा म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, ह्या गाड्यांची हेडं लय नाजूक असतात. त्याच्या मदतनिसाचं मत पडलं की पंप. एक गिऱ्हाईक नुसतं चहा प्यायला थांबलं होतं, तेही डिझेलमध्ये रॉकेल असणार म्हणून सांगून गेलं. टँकरच्या काळात आवाज ऐकून मी दुखणं सांगायचो, माझा कान दूध संघात प्रसिद्ध होता. इथे मी कान लावला की नुसती शिट्टी. अगदी खरं सांगतो, त्या बॉनेटपुढे उभं राहून मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी कुपवाडला गुंडा मिस्त्रीकडे नेली. तो एमआयडीसीत टर्बोचंच काम करतो. बहिणीच्या घरी तीन दिवस मुक्काम पडला, दीक्षाही सोबत. मिस्त्रीने एक पाइप सोडला, आत दोन बोटं घातली आणि मला नव्हे, दीक्षाला बोलावलं. "बघ पोरी, दांडा हालतोय न्हवं? ह्येचं बेरिंग जळलंय." मग माझ्याकडे वळून, "काका, घाट चढल्याबराबर गाडी बंद करत व्हता काय? टर्बो लालबुंद तापल्याला असतो, इंजिन बंद पडलं की त्याल फिरायचं थांबतंय, मग जळंल न्हाईतर काय व्हईल?" मी म्हटलं, छे, असं मी कशाला करीन. दीक्षा माझ्या शेजारीच उभी होती. ती हातातला पाना पुसत राहिली.

नवा टर्बो बसला. बसवताना निम्मे नट दीक्षाने आवळले आणि तो मिस्त्री जाता येता "हात चांगला हाय" म्हणत होता. अशा लोकांमुळेच पोरी बिघडतात. खर्चाचा विषय तुम्ही काढायचा नाही, मी बोलणार नाही. गाडी पूर्वीसारखी पळते आहे, तुम्ही दिवाळीला याल तेव्हा दारात उभी असेल. मायाला आशीर्वाद. कळावे.

तुमचा,
धोंडिराम

ता. क. १ : वरचं पत्र वाचून पाहिलं. एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही. खंबाटकीच्या माथ्यावर मी इंजिन बंद केलं होतं. बत्तीस वर्षं रिकामा टँकर असाच न्यूट्रल मारून उतरवला, डिझेल वाचवण्याचं बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ अजून भिंतीवर आहे, हात आपोआप चावीवर गेला. बंद होताच स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक दबेना. दीक्षाने हात पुढे करून चावी फिरवली म्हणून आज हे पत्र लिहितोय. आणि पोवई नाक्याला मी कधी गेलोच नाही. दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढायचो आणि गाडी बंद करून उतरायचो; तेही उतार सरळ असेल तेवढ्यापुरतंच, म्हणून तेव्हा काही जाणवलं नाही. पुस्तकात याबद्दल काळी चौकट घालून लिहिलंय, बंद करण्याआधी दोन मिनिटं चालू ठेवा. दीक्षाने ते एप्रिलातच वाचून दाखवलं होतं. मी म्हणालो होतो, ही पुस्तकं गाडी येत नाही त्यांच्यासाठी असतात. कुपवाडला तिने एक शब्द काढला असता तर माझी काय शोभा झाली असती! तिने काढला नाही.

ता. क. २ : तेव्हा वर जे दोन कडक ओळींचं लिहिलंय ते रद्द समजावं. ओळी कडकच लिहा, पण मला. लिहा की, "मामा, दीक्षाचा फॉर्म भरलाच पाहिजे, माझा हट्ट समजा." म्हणजे मला म्हणता येईल, जावयाचा शब्द, काय करणार. आक्काताईला वळवायला मला महिना लागला होता, आता तिला उलटं वळवायची माझ्यात ताकद नाही, आणि पोरीसमोर "चुकलो" म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पत्र पंचवीस तारखेच्या आत यायला हवं. दीक्षाला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. ३ : पाकिटाला डिंक धरेना, म्हणून दीक्षालाच म्हटलं, पोस्टात खळ असते, तिथे चिकटवून टाक. ती तासाभराने पत्र तसंच घेऊन परत आली. डोळे लाल होते. तिने फॉर्म आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी सही केली. आक्काताई शेजारणीकडे गेली होती, तिला अजून पत्ता नाही, म्हणून तुमचं पत्र लागणारच. फक्त वर तारीख १ जुलैची घाला, म्हणजे ते माझ्या सहीआधीचं दिसेल. आणि आक्काताईला ते दीक्षाच वाचून दाखवणार आहे, तेव्हा मला झापताना हात आखडू नका. पोरीला ते मोठ्याने वाचायचंय.