थर्मासचा पोचा

बाबा, तुमचा तो लहान हातोडा अजून माझ्याजवळ आहे. दांडा मध्ये एकदा बदलला, डोकं तेच. मी आता लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे, आणि हातोडा रोज बॅगेत असतो. रोज कामाला येतो असं नाही, पण असतो. आत्ता नव्या रायपुरातल्या एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीच्या सावलीत, डबा खाऊन बसलोय. खाली एवढे रुंद रस्ते की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस बघावी तर एक गेली की दुसरीचा पत्ता नाही. तुम्ही हे काही पाहिलं नाही. तुमच्या वेळी इथे नुसते खांब उभे होत होते आणि तुम्ही उरल्याच्या मिलमधून ड्यूटी करून आलात की शर्ट काढता काढता आईला सांगायचात, "राजधानी बनून राहिली. आपल्या मिलची सळी लागून राहिली तिथं." आई म्हणायची, "मग तुमाले बोलावतीन उद्घाटनाले." मी अकरावीत असताना तुम्ही गेलात. या इमारतीच्या कुठल्या खांबात तुमच्या हातची सळी आहे का, ते मला कळायचा मार्ग नाही. पण लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की भिंतीवर एकदा हात ठेवतो.

कॉलेजचं आधी सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षी सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाप ने यही सिखाया है?" आणि मी जर्नल टेबलावर आपटून जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. घरी येऊन आईला सांगितलं की बाबांबद्दल बोलले म्हणून सोडलं. आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "राग तुहा होता. त्यायचं नाव काहून समोर करतं?" ते वाक्य मला तेव्हा फार लागलं. आजही लागतं, आणि हे पत्र त्याच्यापाशीच येऊन थांबणार आहे, पण त्याला वेळ आहे.

तुमच्या मिलमध्ये कोणी रिटायर झालं की पाळीतली माणसं काही ना काही द्यायची. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. तुम्हाला त्या घड्याळाचा भारी राग. "आयुष्यभर भोंग्यावर उठला तो माणूस. आता त्याले टाइम दाखवून काय करता?" मग वस्तू आणायचं काम तुमच्याच गळ्यात पडलं, आणि तुम्ही ते पुढे कितीतरी वर्षं केलंत. टॉर्च, जाड कॅनव्हासची पिशवी, पत्र्याची पेटी, स्टीलचा थर्मास. माणसाच्या हातात राहील आणि त्याच्याहून जास्त टिकेल अशी वस्तू. आणि देण्याच्या आदल्या दिवशी, घरी, मोरीजवळच्या दगडावर ती ठेवून या हातोड्याने बुडाशी एकच ठोका. एकच पोचा. आई कपाळाला हात लावायची. "नव्या वस्तूले पोचा पाडता? लोकं म्हणतीन जुना माल देल्ला." तुम्ही फुंकर मारून पोचा पुसायचात. "नवी असली का कपाटात ठेवते माणूस. पन्नीसकट ठेवते. पोचा दिसला का वापरते." आणि खरंच, आपल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रत्येक घरी एक काचेचं कपाट होतं आणि त्यात कोणाच्या तरी लग्नातला, कोणाच्या तरी बढतीतला, पन्नीत गुंडाळलेला सेट. मरेपर्यंत त्यातून चहा कोणी प्यायला नाही.

एकदा मला सोबत नेलंत, गोल बाजारात. मी आठवीत असेन. तुमच्या फोरमनसाठी काहीतरी घ्यायचं होतं, तुम्ही म्हणालात, आज तू पसंत कर. मी काचेचा ताजमहाल पसंत केला. आत दिवा लागायचा, लाल-हिरवा. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही दुकानाबाहेर आणलंत मला, रिक्षांच्या गर्दीत, आणि हळूच पण असं बोललात की कान गरम झाले. "हे तुले पाहिजे का त्याले पाहिजे? त्याचा हात पाहिला का तू? दोन बोटांले नखं नाहीत त्याच्या. तो हा दिवा कसा लावन? देताना आपली आवड घरी ठेवून याची. त्याचा हात पाहाचा." मग आत जाऊन तुम्ही थर्मास मागितलेत. सात-आठ काढायला लावलेत. झाकण हातमोजा घालून उघडतं का ते पाहायला खिशातून खरंच हातमोजा काढलात. आतली रबरी चकती काढून दुकानदाराला विचारलंत, ही वेगळी मिळते का? मिळत नसेल तर वस्तू नको. आणि शेवटी, "भैया, एक बार गिरा के देखूं?" दुकानदार म्हणाला, "गिराओगे तो आपका हो गया, साहब." तुम्ही म्हणालात, "नहीं गिराऊंगा तो भी मेरा ही है," आणि मग दोघेही हसलात. मी ताजमहालासाठी रुसून बसलो होतो. हसलो नाही. आता वाटतं हसायला पाहिजे होतं.

आता तिच्याबद्दल. आई सोडून कोणाला नीट सांगितलेलं नाही. ती कॉलेजात माझ्याच वर्गात होती. मी सोडलं, तिने पूर्ण केलं. आता तेलीबांध्याला एका ऑफिसात आहे. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि भांडण दोन्हीत होतं. तिचे बाबा रेल्वेत वॅगन दुरुस्तीला फिटर. मूळचे तेही नागपूरकडचेच. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे सरळ विचारायला गेलो. एकटाच. आईलासुद्धा नेलं नाही, एवढी घाई. ते अंगणात सायकल पुसत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कॉलेज अर्धं सोडलं. राग आला का सोडून देतं तू. उद्या हिचा राग आला तं?" प्रश्न बरोबर होता. म्हणूनच मला झोंबला. मी म्हणालो, "तुमाले माणूस नाही, सर्टिफिकेट पाहिजे जावई," आणि निघताना फाटक असं आपटलं की त्याची कडी वाकली. फाटक त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेलं होतं, हे मला तिने नंतर सांगितलं. नंतर म्हणजे चार महिन्यांनी. तोवर ती बोललीच नाही माझ्याशी. ते चार महिने कसे गेले ते तुम्हाला लिहिणार नाही, मला लाज वाटते. एवढंच सांगतो की रोज संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावाला मी उगीच तीन-तीन चकरा मारायचो, तिचं ऑफिस सुटायच्या वेळी.

मागच्या महिन्यात ते रिटायर झाले. घरी चार माणसं बोलावली होती. तिचा फोन आला, "आ जाना. कुछ लेके आना. और प्लीज, मुंह बंद रखना." मी म्हटलं, काय आणू? ती म्हणाली, "मुझे क्या पता, तुम्हारे पापा को पता होता था ना?" तिला तुमच्या गोष्टी मीच सांगितलेल्या. मी सहज फोन ठेवला, पण मग दोन दिवस दुकानं पालथी घातली. मित्र म्हणाला, फ्रेम दे फोटोची. दुसरा म्हणाला, परफ्यूम. मला दिसत होता त्यांचा उजवा अंगठा. त्या दिवशी सायकल पुसताना पाहिला होता, रागातही पाहिला होता. कधीतरी दोन वॅगनांच्या बफरमध्ये सापडलेला, तो वळत नाही. बारीक झाकण त्यांना फिरवता यायचं नाही. म्हणून तुमच्यासारखंच एकेक उघडून पाहिलं, माझा अंगठा ताठ धरून. दुकानदार बघतच राहिला. शेवटी सापडला एक: जाड स्टीलचा, रुंद झाकण, कडेला मोठी कडी, रबरी चकती वेगळी मिळणारा. इतका चकचकीत की त्यात माझं तोंड दिसत होतं.

मी तलावाशी थोडा थांबलो आणि मग त्यांच्याकडे गेलो. फाटकाची कडी अजून वाकडीच होती. तारेनं बांधलेली. आत गेलो, नमस्कार केला, थर्मास पुढे केला. त्यांनी तिथेच खोका उघडला. बुडाशी पोचा. सगळ्यांना दिसला. तिच्या मामांनी मान लांब करून बघितलं आणि म्हणाले, "सेल में लिया क्या, बेटा?" दोघं-तिघं हसले. ती स्वयंपाकघराच्या दाराशी ताट घेऊन उभी होती, आणि तिचा चेहरा मी ओळखतो: आता हा बोलणार, आता हा जाणार. बाबा, मी उठलो होतो खुर्चीतून. पाय दाराकडे वळलेच होते. आणि तोंडातून शिवीऐवजी तुम्ही बाहेर आलात. मी म्हणालो, आमच्या घरची रीत आहे ही. माझे बाबा देण्याआधी पहिला पोचा स्वतः पाडायचे, म्हणजे माणूस कपाटात ठेवत नाही, वापरतो. आणि मग फोरमन, हातमोजा, काचेचा ताजमहाल, सगळं. खोलीत कोणी हसलं नाही.

तिच्या बाबांनी थर्मास फिरवून फिरवून पाहिला. न वळणारा अंगठा त्या पोच्यात ठेवला. मग विचारलं, "कुठं होते तुहे वडील?"

"उरल्याले. रोलिंग मिलमध्ये."

"मंग हातोड्याचा माणूस."

"हव. हातोडा अजून आहे. बॅगेत."

"पाहू."

मी काढून दिला. त्यांनी तो हातात तोलला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, परत थर्मासकडे पाहिलं. मग हातोडा माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले, "जा, ते कडी सरळ करून ये. दोन वर्षं झाली, तार बांधून राहिलो. चहा मंग पी."

मी बाहेर गेलो. उकिडवा बसून कडी सरळ केली. दहा मिनिटांचं काम, मला अर्धा तास लागला, कारण डोळे नीट दिसू देत नव्हते. ती फाटकाशी येऊन उभी राहिली, म्हणाली, "रो रहे हो?" मी म्हटलं, "गंज उडून राहिला." ती म्हणाली, "झूठे," आणि आत जाताना कडी एकदा लावून बघितली. बसली.

आता ते रोज सकाळी तलावावर फिरायला जाताना तो थर्मास नेतात. मला 'जावई' म्हणत नाहीत अजून, 'वो लड़का' म्हणतात, पण आईला रविवारी घरी बोलावलंय. बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना पोचा दाखवतात आणि तुमची गोष्ट सांगतात. तलावावर तुम्ही आता बरेच प्रसिद्ध आहात.

आणि हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. तो पोचा मी पाडलेला नाही. तलावाच्या कठड्यावर बसून, काय बोलायचं त्याची तालीम करत होतो, हात घामेजले होते, खोक्यातून काढलेला थर्मास सुटला आणि दगडावर आपटला. आईचं म्हणणं पुन्हा खरं ठरलं, मी तुमचं नाव पुढे केलं. हातोड्याचा पोचा गोल पडतो. हा लांबट होता, एका बाजूने खरचटलेला. पस्तीस वर्षं पत्रा सरळ केलेल्या माणसाला एवढं कळत नसेल? हातोड्याचं तोंड त्यांनी कशासाठी पाहिलं, ते मला त्याच वेळी कळलं होतं. कळूनही त्यांनी मला कडी सरळ करायला पाठवलं, आणि अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. मी त्यांना सांगेन. रविवारनंतर सांगेन.

लंचची सुट्टी संपली, खालून हाका येताहेत. हा कागद बॅगेत हातोड्याच्या खणात ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार. त्या दिवशीसुद्धा हातोडा याच खणात होता, बाबा. कठड्यावर बसल्यावर मी तो एकदा बाहेर काढला होता. एक ठोका मारायचा होता फक्त. पण थर्मास इतका सुंदर दिसत होता की मी हातोडा परत आत ठेवला.